मोगरीचा उजवा पाय

निर्मळ,
रविवार, ३० नोव्हेंबर २०२५

ती. दिनानाथकाकांस,
सा. न. वि. वि.

आधी चूक दुरुस्त करते. चोवीस तारखेच्या पत्रात मी लिहिलं होतं, 'काल संध्याकाळी लग्नाच्या वरातीहून घोडी परत आणताना आग्नेलचं लक्ष नव्हतं. मोगरीचा पुढचा उजवा पाय केळीच्या पाटात गेला आणि मुरगळला. हे मी पाहिलं.' यातलं शेवटचं वाक्य खोटं आहे. मी पाहिलं नाही. त्या वेळी मी मागच्या पडवीत यमुनाआत्याबरोबर तगरीच्या कळ्या निवडत होते. बाहेर आले तेव्हा मोगरी ठाणावर उभी होती, उजवा पाय नुसता टेकवून, भार न देता. काय झालं ते मला संग्रामदादाने सांगितलं. मी लिहायला बसले तेव्हा तो दारातच उभा होता. 'बाबांना नीट कळव, नाहीतर ते मलाच धरतील,' असं म्हणत होता. मी ऐकलेलं पाहिलेलं म्हणून लिहिलं. दादाने सांगितलं तसं झालं असेलही, पण मी त्याची साक्षीदार नाही.

माझ्या त्या एका वाक्यावर तुम्ही आग्नेलला काढलंत. अकरा वर्षं त्याने मोगरीला खरारा केला, दाणा-चंदी घातली, वरातीत लगाम धरला. तुमची चिठ्ठी मीच त्याच्या हातात दिली. त्याने ती वाचली, घडी करून खिशात घातली आणि म्हणाला, "बाय, तू बगितलंस?" मी उत्तर दिलं नाही. त्या रात्रीपासून मला नीट झोप नाही. त्याला परत बोलवा, ही विनंती.

दुसरी चूकही माझीच. त्याच पत्रात मी 'पायावर थंड पाण्याची धार धरली' असं लिहिलं होतं. धार धरली ती दुसऱ्या दिवसापासून. पहिल्या संध्याकाळी आम्ही पाय शेकला. आपल्या घरात कुणाचा पाय मुरगळला की आंबेहळद आणि मीठ गरम करून लावतात, तसाच लेप मी आणि आत्याने लावला आणि वर फडकं घट्ट बांधलं. सकाळी पाय दुप्पट सुजला होता.

अठ्ठावीसला वसईहून डॉक्टर व्हिव्हियन येऊन गेले. गुडघ्याखाली पायाच्या मागून जी जाड दोरी जाते, ज्याला ते टेंडन म्हणतात, तिला इजा झाली आहे. दिवसातून तीनदा वीस-वीस मिनिटं थंड पाणी, दोन्ही पुढच्या पायांना कापसाच्या गादीवर पट्टी (दुखऱ्या पायाचा भार चांगल्यावर पडतो, म्हणून त्यालाही), आणि ठाणावरून हलवायचं नाही. लेपाचं मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "ताज्या सुजेला शेक दिला की आत रक्त आणखी उतरतं. पुन्हा करू नका." रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाईलच्या काचेवर तुम्ही वाचत नाही, म्हणून हे पत्रच पाठवते.

आपली,
सुमेधा

•

नायगाव,
३ डिसेंबर २०२५

चि. सुमेधास,
आशीर्वाद.

पत्र पोचले. लाल शाईने तपासून परत पाठवीत आहे. शुद्धलेखनाच्या तीन चुका आहेत, त्या किरकोळ. मोठी चूक वेगळीच. आठ दिवसांपूर्वी तू पाहिले होतेस, आता पाहिले नाहीस. आणखी आठ दिवसांनी घोडीच लंगडत नव्हती असेही लिहिशील. दहापैकी तीन गुण देतो, तेही अक्षरासाठी.

तुझ्या आईवडिलांच्या बदल्या होत राहिल्या आणि तुला धाप लागायची, म्हणून चौथीपर्यंत तुला शाळेत न घालता मी ओटीवर बसवून शिकवले. तेव्हा दोन गोष्टी सांगितल्या होत्या. चूक झाली तर सर्वांत आधी ती लिहायची, आणि प्रश्न सोडायचा नाही. पहिली तुझ्या लक्षात राहिली याचा आनंद आहे. परंतु चूक कबूल केली की ती पुसली जाते, असे मी कधीही शिकवले नव्हते.

आता मुद्दा. घोडीचा पाय तुम्ही दोघींनी शेकून बिघडवला, हे तूच लिहून दिले आहेस. आग्नेलने मुरगळला, तुम्ही सुजवला. यात संग्रामला ओढण्याचे कारण नाही. तो बिचारा सकाळी नऊला निघून रात्री दहाला घरी येतो आणि वरून लग्नाची कामे सांभाळतो. तुम्हाला वाडीत बसून तगर निवडता येते ती त्याच्यामुळे.

आग्नेलने यापुढे वाडीत पाऊल टाकता कामा नये. ही आज्ञा समजावी.

आमच्या इमारतीतील एका सद्गृहस्थांच्या मुलाची वरात मंगळवार, ३ फेब्रुवारी रोजी आहे. मोगरी नाचेल, असा शब्द मी स्वतः दिला आहे. दोन महिने पुरेसे आहेत. मुरगळलेला पाय दोन महिन्यांत माणसाचाही बरा होतो.

यमुनेला सांग, कपाटातली माझी कानटोपी कुणाबरोबर तरी पाठव. इथे खाडीचा वारा लागतो.

दिनानाथ राऊत

•

निर्मळ,
रविवार, १४ डिसेंबर २०२५

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

कानटोपी केळीच्या टेंपोबरोबर पाठवली आहे. मिळाली की कळवा.

या वेळी आधीच्या पत्रात चूक नाही. मी तीनदा वाचून पाहिलं.

तुमची आज्ञा मी अक्षरशः पाळली आहे. आग्नेलने वाडीत पाऊल टाकलेलं नाही. तो गासहून सायकलने रोज सकाळी सहाला येतो आणि फाटकाबाहेर रस्त्यावर उभा राहतो. जास्वंदीच्या कुंपणावरून त्याला मोगरीचं ठाण दिसतं. तिथूनच ओरडून सांगतो. मी आत पट्टी बांधते, तो बाहेरून शिव्या घालतो.

"वरून खाली नको गं बाय, खालून वर! कापूस दुमडलास बग, तितंच वळ उटेल!"

"आता बरोबर आहे?"

"बोट घाल आत. जातं?"

"जातं."

"दोन जातात?"

"नाही."

"मंग बरोबर. आता दुसरा पाय. त्याला काय झालंय म्हून सोडतेस? तुज्या काकाला पन हेच जमत नसे. दुकता पाय तेवडा दिसायचा."

आत्या त्याला फाटकावरून चहा देते. परवा तिने विचारलं, "आग्नेल, एवढा अपमान करून काढलं, तरी येतोस कशाला?" तो म्हणाला, "मी तुमच्याकडं नाय येत यमुनाबाय. मी घोडीकडं येतो. तुमचं नि माझं भांडन हायच." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "हिचं नि माझं तर जास्तच." ते खरं आहे. मला सूचना देण्यापलीकडे तो माझ्याशी एक शब्द बोलत नाही.

दहा तारखेला डॉक्टर व्हिव्हियन सोनोग्राफीचं छोटं यंत्र घेऊन आले. पायावरचे केस कापून, जेल लावून त्यांनी मला पडद्यावर दाखवलं. दोरीच्या मध्यभागी काळा डाग आहे, तिथले तंतू आताच तुटले आहेत. पण त्याच्या वरच्या बाजूला पांढुरका, वेडावाकडा भाग आहे. तो जुना व्रण आहे, भरत आलेला. डॉक्टरांच्या शब्दांत, "ही घोडी आधी एकदा दुखावली होती. बरी व्हायच्या आत पुन्हा नाचवली. पाटात पाय जाऊन असं होत नाही." किती जुना, असं मी दोनदा विचारलं. ते म्हणाले, नोव्हेंबरच्या त्या दिवसाआधी पाच-सहा आठवडे, कमी नाही.

म्हणजे ऑक्टोबरचा मध्य. तेव्हा तुम्ही इथेच होतात. दिवाळी करून तुम्ही नायगावला गेलात. दसऱ्यानंतर तिला एका मिरवणुकीला नेलं होतं एवढं मला आठवतं. त्यानंतर ती लंगडत होती का, हे मला आठवत नाही. मी तेव्हा रोज विरारला क्लासला जात होते आणि तिच्याकडे पाहतही नव्हते. तुम्हाला आठवतं का?

डॉक्टरांनी चालवण्याचा तक्ता दिला आहे. बावीस डिसेंबरपासून रोज पाच मिनिटं, कडक सपाट जमिनीवर, हाताने धरून. दर दोन सोमवारांनी पाच मिनिटं वाढवायची. पाच जानेवारीला दहा, एकोणीस जानेवारीला पंधरा, दोन फेब्रुवारीला वीस. धावणं मे महिन्याच्या आधी नाही. नाचणं पुढच्या दिवाळीपर्यंत नाही, आणि कदाचित कधीच नाही. तीन फेब्रुवारीची वरात रद्द करावी लागेल. आधी नाचवली तर दोरी पूर्ण तुटेल, आणि मग तिला उभं राहता येणार नाही, असं ते म्हणाले.

आपली,
सुमेधा

•

नायगाव,
१८ डिसेंबर २०२५

सुमेधास,

कानटोपी मिळाली. एका बाजूने कसरीने खाल्ली आहे. वाडीतल्या सर्व वस्तूंची हीच अवस्था असावी.

कुंपणाबाहेर उभा राहून आत आज्ञा देणारा मनुष्य आत आहे असेच मी समजतो. माझ्या शब्दाला अशा रीतीने बगल देऊन, वर 'अक्षरशः पाळली' असे लिहिण्याचे धाडस तुला कोठून आले, याचा मी दोन दिवस विचार केला. उत्तर सापडले. ते मीच शिकवले.

सोनोग्राफीच्या पडद्यावर तारीख छापलेली नसते. डॉक्टर पाच-सहा आठवडे म्हणतात; उद्या दुसरे डॉक्टर दोन म्हणतील. तू गरम मीठ बांधलेस त्याचा तो व्रण नसेल कशावरून? स्वतःची चूक काळी आणि दुसऱ्याची पांढरी, असे त्या पडद्यावर दिसते काय?

तुझे सर्व मी ओळखले आहे. घोडी लंगडी राहिली म्हणजे ती वाडीतच राहील, ती राहिली म्हणजे तुम्ही दोघी राहाल, आणि संग्रामला वाडीत दुसरे काही करता येणार नाही. पायाला पट्टी बांधून तू वाडी बांधून ठेवते आहेस. हे न कळण्याइतका मी म्हातारा झालेलो नाही.

घोडी माझी आहे. वरात होईल.

दि. राऊत

•

निर्मळ,
रविवार, ११ जानेवारी २०२६

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण मला रागाने लिहायचं नव्हतं. अजून राग गेलेला नाही, पण आता थांबून उपयोग नाही.

वाडीबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून आत्या हसली. मी नाही हसले. मी दोन दिवस स्वतःला विचारत राहिले, की खरंच माझ्या मनात तसं काही आहे का. वाडी सोडून जायचं म्हटलं तर मला वाईट वाटेल, हे खरं आहे. पण मोगरी बरी होऊन धावायला लागली तर मला आनंद होईल, हेही खरं आहे. दुसरं पहिल्यापेक्षा मोठं आहे. एवढंच तपासता आलं.

अठ्ठावीस डिसेंबरला, रविवारी दुपारी, संग्रामदादा आला होता. बरोबर एक माणूस होता. दादाने त्याचं नाव सांगितलं नाही, नुसतं 'भाई' म्हणत होता. त्या माणसाच्या पिशवीत सुई होती. दादा म्हणाला, "अगं काय नाय गं, ट्रायल घेऊ या. एक इंजेक्शन मारलं ना, की तासभर मस्त नाचते. तिला कळत पण नाय."

मी म्हटलं, "दुखणं कळत नाही म्हणून तर ती नाचेल आणि दोरी तुटेल."

"डॉक्टरीण झालीस काय घरबसल्या?"

"तुला कसं माहीत, तासभर नाचते ते?"

दादा म्हणाला, "सगळेच देतात. धंद्यात चालतं." तो भाई मात्र भोळा होता. तो म्हणाला, "गेल्या टायमाला पण तासच चालली होती ना, शेट."

दादाने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने पिशवीचा बंद ओढला. हे सगळं मी स्वतः ऐकलं, आत्यानेही ऐकलं. दुपारच्या पट्टीसाठी आग्नेल फाटकाबाहेर आला होता, त्यानेही ऐकलं असेल, पण त्याचं मी धरत नाही. मी मोगरीच्या पुढे जाऊन उभी राहिले. पट्टी सोडली होती, म्हणून पायावर हात ठेवून उभी राहिले. दादा म्हणाला, "बाजूला हो, लाथ मारेल." ती मारत नाही. तुम्हाला माहीत आहे. शेवटी आत्याने पाटातला फावडा उचलला आणि म्हणाली, "संग्राम, तुझ्या जन्माच्या वेळी सुईण मी आणली होती. आता या सुईवाल्याला तूच घेऊन जा." ते गेले.

त्यानंतर मी मोगरीची वही काढली. तुम्ही नायगावला जाईपर्यंत रोज रात्री लिहीत होतात ती, दोऱ्याने शिवलेली. चंदी किती, नाल कधी, चाल कशी. मला ऑक्टोबर बघायचा होता. तेरा तारखेनंतर एकदम अठरा येते. मध्ये काही नाही. शिवलेल्या वहीचं एक पान फाडलं की त्याचं जोडीचं पान सुटं होतं. ते सुटं पान मार्चच्या नोंदींचं आहे. वहीतून गळून माझ्या मांडीवर पडलं. अठरा ऑक्टोबरपासून पुढे रोज एकच वाक्य आहे, 'चाल ठीक.' त्याआधी सहा वर्षांत तुम्ही 'ठीक' हा शब्द एकदाही लिहिलेला नाही. मी शोधला. तुम्ही मला तो लिहू देत नसत. 'ठीक म्हणजे काय? पाहिलंस ते लिही.'

आग्नेल सांगतो, की मिरवणुकीनंतर चौदा ऑक्टोबरला त्याने तुम्हाला बोलावून उजवा पाय गरम असल्याचं दाखवलं, आणि तुम्ही स्वतः त्यावर हात ठेवलात. हे तो सांगतो. मी पाहिलेलं नाही.

म्हणून विचारते. मिरवणुकीनंतर मोगरी लंगडली होती का? तेवीस नोव्हेंबरच्या वरातीआधी तिला सुई दिली हे तुम्हाला माहीत होतं का? तिला तीन फेब्रुवारीला नाचवण्याचा तुमचा विचार अजून कायम आहे का? आणि चौदा ते सतरा ऑक्टोबरचं पान कुठे आहे?

आजची चाल: दहा मिनिटं. उजव्या पायाचं पाऊल डाव्याइतकंच लांब पडतं. वळताना डोकं किंचित वर जातं. सूज सकाळी नाही, चालल्यावर बोटभर. पाय थंड.

सुमेधा

•

नायगाव,
१७ जानेवारी २०२६

कु. सुमेधा राऊत यांस,

तुझे पत्र मी एकदाच वाचले. उलटतपासणी पुन्हा वाचण्याची मला सवय नाही.

तू विचारलेस म्हणून उत्तर देतो, म्हणजे तुझ्यापुढे मी उत्तरे देण्यास बांधील आहे असे नव्हे. मिरवणुकीनंतर जनावर थकते. थकलेले जनावर एखादे वेळी पाय आखडते. त्याला लंगडणे म्हणत नाहीत. सुईविषयी: वरातीची व्यवस्था संग्राम पाहतो, तो काय देतो ते मी विचारीत नाही. जाणता मुलगा आहे. वरातीचा विचार कायम आहे आणि राहील. या वयात माझा शब्द खाली पडला तर या इमारतीत मला लिफ्टने उतरण्याचे तोंड उरणार नाही. त्या सद्गृहस्थांनी पत्रिकेतसुद्धा 'पारंपरिक नाचरी घोडी' असे छापले आहे.

तुला वाटते, घोडीवर तुझा जीव आहे आणि माझा नाही. ती शिंगरू होती तेव्हा तू ओटीवर बाराखडी गिरवीत होतीस. तिला बाटलीने दूध मी पाजले. तिच्या कपाळावर पहिला टिळा मी लावला. पण घोडी ही घोडी आहे आणि मुलगा हा मुलगा आहे. तुला मूल झाले म्हणजे कळेल. तोपर्यंत मला शिकवू नकोस.

सोमवार, २ फेब्रुवारी रोजी दुपारी चार वाजता संग्राम टेंपो घेऊन येईल. घोडी धुऊन, पट्ट्या काढून तयार असावी. यमुनेने मध्ये पडू नये. भावाच्या घरात राहून भाच्यावर फावडा उचलणे शोभत नाही, हे तिला वाचून दाखव.

हे शेवटचे पत्र. यापुढे तुझी पत्रे न उघडता परत येतील.

दिनानाथ हरिश्चंद्र राऊत

•

निर्मळ,
रविवार, २५ जानेवारी २०२६

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही हे पत्र उघडणार नाही असं लिहिलं आहे. तरी पाठवते, आणि आजच केळीच्या टेंपोवाल्याच्या हाती, पोच मागून पाठवते. उघडलं नाहीत तर ती तुमची गोष्ट. मी सांगितलं नाही असं व्हायला नको.

मी चार प्रश्न विचारले होते. तुम्ही तीन प्रश्नांची उत्तरं दिलीत. चौथा सोडलात.

ओटीवर असताना मी एकदा गणिताच्या पेपरात एक प्रश्न सोडला होता. तुम्ही विचारलंत, का सोडलास? मी म्हटलं, येत नव्हता. तुम्ही म्हणालात, "येत नाही तो चुकतो. सोडतो तो ज्याला उत्तर माहीत असतं आणि लिहायचं नसतं." मी आठ वर्षांची होते आणि ते अन्यायाचं वाटलं होतं, कारण मला खरंच येत नव्हतं. आता तुमचं पत्र समोर ठेवून मी ते वाक्य आठवलं. पान कुठे आहे, या प्रश्नाला 'मला माहीत नाही' असं खोटं उत्तर तुम्ही सहज लिहू शकला असतात. लिहिलं नाहीत. त्याबद्दल मी तुम्हाला अजून काका म्हणते.

पण मग दुसरी गोष्ट सरळ आहे, आणि ती मला लिहायचीच आहे. चोवीस नोव्हेंबरला मी खोटं लिहिलं, आणि त्यावर तुम्ही आग्नेलला काढलंत. दोन महिने मी समजत होते की माझ्या खोट्याने तुम्ही फसलात. तुम्ही फसला नव्हतात. मोगरीचा पाय कधीपासून गरम होता, हे तुम्हाला माझ्या आधी माहीत होतं. तुम्ही त्यावर हात ठेवला होता. माझं 'मी पाहिलं' हे वाक्य खोटं आहे हे ते वाचतानाच तुम्हाला कळलं असणार. तुम्हाला ते हवं होतं. माझं खोटं मी अजाणता तुमच्या हातात दिलं आणि तुम्ही ते जाणून वापरलंत. माझ्या चुकीला तुम्ही दहापैकी तीन गुण दिलेत. तुमच्या चुकीला मी गुण देत नाही. तपासायला पानच नाही.

हे मी आग्नेललाही सांगितलं, फाटकावर उभं राहून, आत्यासमोर. "मी पाहिलं नव्हतं. तू विचारलंस तेव्हा मी बोलले नाही." त्याने सायकल फाटकाला टेकवली. मग म्हणाला, "मला ठावं होतं. तू पाटाकडं बगून रडलीस तवा कळलं. पाट तर कोरडा होता, बाय, त्या दिवशी पानीच सोडलं नव्हतं. कोरड्या पाटात पाय रुतनार कसा?" आणि मग, "एवडं बोलायला दोन महिने लागतात तुमच्या घरात?"

लागतात. आपल्या घरात लागतात.

आता मी काय करणार आहे ते.

मोगरी तुमची आहे. तिला विकण्याचा, लपवण्याचा किंवा नाही म्हणण्याचा मला हक्क नाही. पण दोन फेब्रुवारीला चार वाजता ती वाडीत नसेल. ती गासला आग्नेलच्या वाडीत असेल, त्याच्या म्हशींच्या गोठ्यात. पाणी, सावली आणि कडक जमीन, तिन्ही तिथे आहेत. डॉक्टर व्हिव्हियन यांना मी हे कळवलं आहे. त्यांनी मला लेखी दिलं आहे, की या पायाने घोडी नाचवणं म्हणजे जनावराला जाणून इजा करणं आहे, आणि कुणी तसं केलं तर ते स्वतः पोलिसांकडे जातील. त्याची प्रत सोबत आहे. एक प्रत त्या वरातवाल्या सद्गृहस्थांना त्याच टेंपोबरोबर आजच पाठवते आहे, म्हणजे त्यांना दुसरी घोडी बघायला नऊ दिवस मिळतील. तुमचा शब्द मी खाली पाडला. तुमच्या इमारतीत आणि तुमच्या नावावर पाडला. हे मी मागे घेणार नाही.

आधीच का नेलं नाही, असं आत्या रोज विचारते. "आज रात्री घेऊन जा आणि मोकळी हो," म्हणते. नेता येत नाही. टेंपोत चढताना-उतरताना तिचा सगळा भार पुढच्या पायांवर येतो, म्हणून टेंपो नको असं डॉक्टर म्हणाले. चालवतच न्यावं लागेल. आपल्या फाटकापासून आग्नेलच्या गोठ्यापर्यंत मी आणि तो दोनदा चालून बघितलं, मोगरीच्या चालीने, तो सायकल हातात धरून आणि मी घड्याळ. पहिल्यांदा अठरा मिनिटं लागली, दुसऱ्यांदा एकोणीस. तक्त्याप्रमाणे आज तिला पंधरा मिनिटं आहेत. उद्याही पंधराच. वीस मिनिटं मिळतात ती सोमवारी, दोन तारखेला, ज्या दिवशी दुपारी दादाचा टेंपो येणार आहे. तीन-चार मिनिटांसाठी मी आठ दिवस थांबणार आहे, आणि हे आठ दिवस तुम्हाला सगळं माहीत असेल. मला भीती वाटते. दादा आधी येईल, फाटकाला कुलूप लागेल, सुईवाला परत येईल, हे सगळं मी रोज पहाटे मोजते. पण पाय बरा करायला निघून मीच त्याला चार मिनिटं जास्त चालवलं, तर मग तुमच्यात आणि माझ्यात फरक काय?

आत्या माझ्याबरोबर येईल की वाडीत राहील, हे तिने ठरवलेलं नाही. वाडीची किल्ली मात्र मी कडीला लावून जाणार आहे. वाडी मला नको, हे तुम्हाला दुसऱ्या कुठल्या रीतीने पटेल असं वाटत नाही.

मोगरीची वही मी बरोबर नेणार आहे. अठ्ठावीस डिसेंबरपासून मी तिच्यात रोज लिहिते. पायाला हात लावून मगच लिहिते. माझ्या नोंदींत 'ठीक' हा शब्द नाही. चौदा ते सतरा ऑक्टोबरची जागा मी रिकामी ठेवली आहे. सुटं झालेलं मार्चचं पानही टाचून ठेवलं आहे, म्हणजे जोडीचं पान आलं तर कुठे शिवायचं ते कळेल.

मला थांबवायचं असेल तर या. तुम्ही मालक आहात, फाटक तुमचं आहे, मी तुम्हाला ढकलून जाणार नाही. पण मोगरी तेव्हा पट्टी बांधून दारात उभी असेल. आधी खाली बसा, पट्टीच्या वर, गुडघ्याखाली, मागच्या बाजूला हात ठेवा, जसा चौदा ऑक्टोबरला ठेवला होतात. मग मला सांगा, पाय गरम आहे की थंड. तुम्ही जे सांगाल ते मी तारखेसह वहीत लिहीन, तुमची सही घेईन, आणि मग निघेन.

निघण्याची वेळ: सोमवार, २ फेब्रुवारी २०२६, सकाळी सात वाजून दहा मिनिटं.

सुमेधा